नव्यासारखाच म्हणून दिलेला कॅमेरा

"जेमतेम वापरलाय गं बारके. अगदी नव्यासारखा आहे."

मित्रांनो, हा आवाज ऐकून किती वर्षं लोटली, पण काचेवरच्या बोटाच्या ठशासारखा तो अजून माझ्यावर बसलेला आहे. पुसता पुसला जात नाही. मी एक जुना कॅमेरा आहे. काळा, जड, भिंग बदलता येणारा. ते वाक्य माझ्याबद्दलच होतं, आणि मी तिथेच होतो, दुकानाच्या काउंटरवर.

माझ्या पोटात एक छोटा आरसा आहे आणि त्याच्यामागे पातळसा पडदा. बटण दाबलं की आरसा उडतो, पडदा उघडतो, उजेड आत येतो, पडदा मिटतो. तुमची पापणी लवते ना, तसंच. फरक एवढाच की तुम्ही मोजत नाही, मी मोजतो. किती वेळा उघडलो तो आकडा मी प्रत्येक फोटोसोबत गुपचूप लिहून ठेवतो. वाचायचा त्याने वाचावा.

मला पहिल्यांदा घेतलं ते बारकीच्या मामाने. मामा लग्नाचे फोटो काढायचा. सात वर्षं मी त्याच्या गळ्यात होतो. नवरीच्या डोळ्यांतलं पाणी टिपलं, रुसलेल्या आत्याबाईंचं नाक टिपलं, हसू टिपलं, आसू टिपलं. "हा माझा उजवा डोळा," असं तो चारचौघांत सांगायचा. घरी आला की आधी मला पुसायचा, मग स्वतःचं तोंड धुवायचा. मला वाटलं, जन्मभराची सोबत झाली.

मग नवे कॅमेरे आले. गिऱ्हाइकं मला बघून नाक मुरडू लागली. माझ्यासारख्याचा पडदा लाख-दीड लाख वेळा उघडला की थकतो. माझा आकडा दोन लाखांच्या पुढे गेला होता. मामाने एकदा तो संगणकावर वाचला आणि संगणक झटकन बंद केला.

त्याच महिन्यात बारकी आपला पहिला कॅमेरा घ्यायला निघाली. तिची आई पुस्तकं बांधायच्या कारखान्यात शिलाईला होती, आणि तो कारखाना आता कायमचा बंद होणार होता. शेवटच्या दिवशी आईचा आणि तिच्या सगळ्या मैत्रिणींचा एक फोटो काढायचा, एवढंच बारकीच्या मनात होतं. "वीस वर्षं दुसऱ्यांची पानं शिवलीत," ती आईला म्हणायची, "तुम्हा सगळ्यांचं स्वतःचं एक पान नको?"

पैसे थोडे आणि शंका फार. एकीकडे दुकानातला नवा, छोटा, एकाच भिंगाचा कॅमेरा. दुसरीकडे मी, दोन भिंगांसह, मामाने नवं रबर चिकटवून तरुण केलेला आणि विकायला बरोबर आणलेला. बारकी अभ्यास करून आली होती. तिने नेमकं विचारलं, "मामा, याचे क्लिक किती झालेत रे?"

"असतील पंधरा-वीस हजार." आणि मग ते वाक्य.

दुकानदार म्हणाला, "ताई, एक फोटो काढा. लगेच आकडा बघून सांगतो. दोन मिनिटांचं काम."

बारकी हसली. "अहो, माझा सख्खा मामा आहे तो!"

दुकानदारही हसला. मामा माझं झाकण पुसत राहिला. झाकण स्वच्छच होतं. मला ओरडून सांगायचं होतं, पण मला डोळा दिलाय, तोंड नाही. बारकीने मामाला पैसे मोजून दिले.

तो दिवस आला. तेव्हा सगळ्यांच्या मोबाईलना बरा डोळा फुटला नव्हता, सगळी मदार माझ्यावर. पायऱ्यांवर चाळीस बायका, नखांत वाळलेली खळ. मागच्या उभ्या, पुढच्या बसलेल्या, त्यांत अगदी मधोमध आई.

"ए, पोट आत घे, नाहीतर फोटोत दोघींची जागा खाशील!"

"तू आधी तोंड मीट, माशी जाईल!"

हशा उसळला. बारकीने बटण दाबलं. मी सगळी ताकद लावली, मित्रांनो. आरसा उडाला, पडदा सुटला आणि अर्ध्यात अडकला. वरच्या बायका आल्या. खालची रांग काळी. आई काळोखात.

बारकीने पुन्हा दाबलं. पुन्हा. मी उघडलोच नाही. बायका थांबल्या, ऊन उतरलं, गाड्या सुटायची वेळ झाली. एकेक जण तिच्या गालावरून हात फिरवून गेली. त्या पुन्हा कधी एकत्र आल्या नाहीत.

संध्याकाळी घरी मामाने मला उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, "जोरात दाबलं असशील. तुझा हातच जड."

मित्रांनो, माझा पडदा त्या दिवशी तुटला खरा, पण माझा विश्वास तुटला तो या वाक्याने. म्हातारपणाची मला लाज नव्हती. ते लपवून मला दुसऱ्याच्या हाती का दिलं? जुनी वस्तू देताना तिचं वय सांगा. घेताना, देणारा कितीही आपला असला तरी, विचारा. आमची काळजी घेणं म्हणजे नुसतं पुसणं नव्हे.

बारकीने मला कपाटात ठेवलं आणि त्यानंतर कुठलाही कॅमेरा हातात धरला नाही. कुणी दिला तर म्हणायची, "नको, माझा हात जड आहे."

परवा शेजारची मुलगी आली. तिलाही पहिला कॅमेरा हवा होता, थोडक्या पैशांत. मामा तिथेच चहा पीत बसला होता. बारकीने मला टेबलावर ठेवलं.

"आधीच सांगते हं, याचा पडदा गेलाय. बदलून घ्यावा लागेल. मामाकडे सात वर्षं छान चालला, माझ्या हातून बिघडला. चूक माझी आहे, म्हणून पैसे नकोत."

मामाचा कप ओठांपाशी थांबला. तो त्याने खाली ठेवला आणि कितीतरी वर्षांनी माझ्याकडे पाहिलं.

"बारके, तुझा हात जड नाही. दोन लाख क्लिक झाले होते याचे. मी बघितले होते, विकायच्या आधी."