अठरा मार्चला काय काय घडलं

१८५८

"जर्मन अभियंते रुडॉल्फ डिझेल यांचा जन्म. आज आपल्या डोंगरांतून धावणारा प्रत्येक ट्रक..."

इथे केरेझ थांबली.

काचेपलीकडे बसलेल्या मिर्झाबेकने मान वर केली. तो रेडिओचा तंत्रज्ञ, केरेझपेक्षा वीस वर्षांनी लहान. नारिन शहरातल्या या दोन खोल्यांच्या केंद्रावरून 'आजचा दिवस' रोज सकाळी आठला लागतो आणि दुपारी बाराला पुन्हा. एकतीस वर्षं तीच वाचते. वाक्याच्या मधे ती थांबल्याचं कुणी ऐकलेलं नाही.

"...प्रत्येक ट्रक त्यांचं देणं लागतो," ती म्हणाली आणि तिने पुढचा कागद घेतला.

तिचा मुलगा एल्दोस काल संध्याकाळी ट्रकमध्ये बटाटे भरून राजधानी बिश्केककडे निघाला होता. पहाटे कळलं की डोलॉन खिंडीत बर्फाचा कडा कोसळला आहे आणि काही गाड्या आत अडकल्या आहेत. एल्दोसचा फोन लागत नव्हता.

१८७१

"पॅरिसमध्ये कम्यूनची सुरुवात."

हे तिने एका दमात वाचलं.

१९२२

"हिंदुस्थानात गांधींना सहा वर्षांची शिक्षा."

सहा वर्षं. निदान आकडा तरी होता, असं वाचता वाचता तिच्या मनात आलं.

१९६५

"अलेक्सेई लिओनोव्ह अंतराळयानाबाहेर पडले. माणूस पहिल्यांदाच पोकळीत तरंगला. सुमारे बारा मिनिटं."

परत आत शिरताना त्यांचा पोशाख फुगला आणि दारातून आत येणं अवघड झालं, असं पुढे तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं. ते तिने गाळलं.

"सुखरूप परतले," एवढंच म्हणाली.

लाल दिवा विझला. मिर्झाबेक आत आला. तो तिला एजे, म्हणजे मोठी ताई, म्हणतो.

"एजे, परत लावून बघितला फोन. रस्त्यावाले म्हणतात, खिंडीखालचा टॉवरच आडवा झालाय. तिकडचा कुणाचाच लागत नाहीये."

"कुणाचाच म्हणजे आत अडकलेत त्यांचाही."

"अहो, बाहेर आहेत त्यांचाही! तुम्हाला बरं आधी वाईटच दिसतं."

"रोज मीच वाचते ना मिर्झाबेक. माणसं कुठल्या कुठल्या तारखांना जातात ते."

तो चहा ठेवायला गेला.

या भागाला साल नाही

साडेदहाला दारात तीन म्हातारे उभे राहिले. तिघांच्या डोक्यावर कोल्ह्याच्या कातड्याच्या टोप्या, बूट चिखलाने भरलेले. सगळ्यांत पुढे होता तो पांढऱ्या दाढीचा, जुमाकादिर. "आम्ही केन-बुलाकचे," तो म्हणाला.

केन-बुलाक खिंडीच्या पायथ्याला आहे.

केरेझने त्यांना बसायला सांगितलं. पुढे कापड अंथरून त्यावर भाकरी ठेवली. तिघांनी भाकरीकडे पाहिलं. हात कुणी लावला नाही.

आमच्याकडे मरणाची बातमी फोनवर देत नाहीत. अक्साकाल, म्हणजे गावचे वडीलधारे, येतात. बसतात. आधी इकडचं तिकडचं काढतात. कोण खान होता, कोण वीर होता, एवढे मोठे तेही गेले, असं सांगत सांगत ऐकणाऱ्याला हळूहळू त्या जागेपर्यंत नेतात. अकरा वर्षांपूर्वी केरेझचा नवरा गेला तेव्हा चार जण आले होते. पाऊण तास बोलले. तिला पहिल्याच मिनिटाला कळलं होतं, पण मधे बोलायची पद्धत नाही. म्हणून ती तो पाऊण तास विधवा होऊन बसून राहिली होती.

जुमाकादिरने घसा साफ केला.

"तुझा कार्यक्रम आम्ही रोज ऐकतो, पोरी. केवढी मोठी मोठी माणसं या जगात आली. बादशहा आले, खान आले. सगळे गेले. कुणी राहिलं का?"

"नाही राहिलं," केरेझ म्हणाली. तिच्या तोंडातून आवाज बरोबर निघाला. तेवढी सवय होती.

"आणि प्रत्येकाचा एक दिवस ठरलेला."

"हो."

"तसाच अठरा मार्च." म्हाताऱ्याने कोटाच्या आतल्या खिशात हात घातला.

मिर्झाबेक किटली घेऊन दारातच उभा राहिला. खिशातून काय निघणार ते केरेझला दिसत होतं: गाडीची किल्ली, नाहीतर ओळखपत्र. तिने दोन्ही हात मांडीवर दाबून धरले. आणि मग जे आजवर तिने कधी केलं नव्हतं ते केलं. मधेच बोलली.

"अक्साकाल, पुरे. सापडलाय का तो? एवढं सांगा."

"कोण?"

"माझा एल्दोस."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"सापडायला तो हरवलाय कुठे?" जुमाकादिर म्हणाला. "माझ्या घरी झोपलाय. काल खिंड बंद झाली तसा आमच्याकडेच थांबला. पहाटे आमच्या पोरांबरोबर फावडं घेऊन गेला, तीन गाड्या काढल्या बर्फातून. सगळी माणसं जिवंत. आता शेगडीजवळ असा घोरतोय की माझी म्हातारी गोठ्यात जाऊन बसलीय."

केरेझने खुर्चीचा हात धरला.

"त्यानंच पत्ता दिला तुझा," दुसरा म्हातारा म्हणाला. "म्हणाला, जाताय तर आईला सांगा मी ठीक आहे."

"मग सांगायचं ना!"

"सांगणारच होतो. शेवटी. आधी कामाचं, मग घरचं."

"मी गाडीत म्हटलं होतं, आधी पोराचं सांगू," तिसरा पुटपुटला.

"तू कधी म्हटलंस? तू नारिन येईपर्यंत डुलक्या काढत होतास."

"तिघं मिळून येता," केरेझ म्हणाली, आणि आता तिचा आवाज रेडिओचा नव्हता, "भाकरीला शिवत नाही, मेलेल्या खानांची नावं घेता! मी काय समजायचं? अहो, मी काय समजायचं?"

मग जुमाकादिरच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"तक्रार घेऊन आलेल्यानं आधी खायचं नसतं, म्हणून शिवलो नाही," तो हळू म्हणाला. "देवा, देवा. सत्तरी उलटली तरी अक्कल नाही आली." त्याने घाईघाईने भाकरी उचलली, तोडली, मोठा तुकडा स्वतःच्या तोंडात कोंबला आणि दुसरा तिच्या हातात ठेवला. "खा. खा पोरी. आम्ही खातोय, बघ. तुम्ही दोघं काय बघताय? खा!"

तिघे भराभर चावू लागले. केरेझ हसत होती की रडत होती ते मिर्झाबेकला कळेना. त्याने सगळ्यांना चहा ओतला, स्वतःलासुद्धा.

"तक्रार कसली होती?" बऱ्याच वेळाने तिने विचारलं.

खिशातून निघालं ते भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरचं फाडलेलं पान. पिवळं, घडीवर झिजलेलं. १८ मार्च, पॅरिस कम्यूनचा दिवस. कडेला पेन्सिलीने दोन शब्द: दिवा लागला.

"आमच्या मोजणीत ते घोड्याचं वर्ष होतं, सहासष्ट साल," जुमाकादिर म्हणाला. "विजेचे खांब आम्ही खांद्यावरून वाहिले, मी बावीस वर्षांचा होतो. एकतीस वर्षं तू पॅरिस सांगतेस. पॅरिसचं सांग, आमची ना नाही. पण आमचं एकदाही नाही?"

१९६६

बाराला लाल दिवा लागला. डिझेल, पॅरिस, गांधी, लिओनोव्ह. या वेळी फुगलेला पोशाखही तिने वाचला, हवा सोडून ते कसे आत आले तेही.

"एकोणीसशे सहासष्ट. नारिन प्रांतातल्या केन-बुलाक गावात पहिला विजेचा दिवा लागला. तो बंद कसा करायचा हे कुणालाच सांगितलेलं नव्हतं, त्यामुळे सकाळपर्यंत जळत राहिला."

कागद इथे संपत होता.

"केन-बुलाकमध्ये अजून जे झोपलेत," केरेझ म्हणाली, "त्यांनी उठून तोंड धुवावं. आणि ज्यांच्या घरी झोपलेत त्यांचे आभार मानावेत."

काचेपलीकडे मिर्झाबेकने कपाळाला हात लावला, पण आवाज कमी केला नाही. ती हवामान वाचू लागली: डोंगरात ढग विरळ, दुपारनंतर वारा कमी.

बाहेरच्या अरुंद बोळात तिन्ही म्हातारे गावाचं नाव ऐकताच उठून उभे राहिले होते. हवामान संपेपर्यंत ते तसेच उभे होते.