आईवर गेलेलं डोकं

"मावशी, बाही वर घ्या," नर्स म्हणाली, आणि वाफवालीने हात पाठीमागे नेला.

"मला नाही जमायचं बाई. सुईची भीती वाटते."

लेक खो खो हसली. "ऐका! मला जन्म देताना घाबरली नाही, आणि आता सुईला घाबरते!"

नर्सही हसली. मग वाफवालीलाही हसावं लागलं. लाँड्रीत चादरींना वाफेची इस्त्री करता करता तिला हे नाव पडलं होतं. चटके बसले तरी हूं की चूं न करणारी बाई ती, सुईला कसली भिते!

अर्धशिशी घराण्यात कशी उतरते हे शोधायला डॉक्टर मायलेकींचं रक्त घेत होते. "एकाच कशाने होत नाही हे," त्यांनी समजावलं होतं. "जनुकांत बारीकसारीक फरक असतात, आईबापांकडून मुलांत येतात. तुमचे दोघींचे जुळवून बघू." लेकीने हौसेने नाव दिलं होतं. नाक आईसारखं नाही, रंग नाही, पण हे दुखरं डोकं मात्र आईवर गेलंय, असं ती लहानपणापासून कौतुकाने सांगायची.

वाफवालीची खरी भीती तिथेच होती. लेक तान्ही असताना दुसऱ्या कुणा बाईच्या कुशीतून तिच्या मांडीवर आली होती. हे ठाऊक असलेला नवरा केव्हाच गेला. आज सांगू, उद्या सांगू करता करता पोर कमावती झाली. आता जुळवून काय जुळणार होतं, कपाळ!

शेवटी वाफवाली रक्त न देताच उठली, आणि लेक घरापर्यंत फणकाऱ्याने पुढे पुढे चालत राहिली. संध्याकाळी तिचं डोकं उठलं. पडदे ओढून ती कण्हत पडली. वाफवालीने कपाळावर ओला रुमाल ठेवला, तो तिने भिरकावून दिला.

"तूच दिलंस ना हे मला? मग माझ्यासाठी एक सुई टोचून घेता येत नव्हती?"

सगळं वाफवालीच्या ओठांवर आलं. खरं सांगितलं असतं तर ती या दोषातून सुटली असती. पण लेकही हातची गेली असती.

"हो गं बाळा," ती म्हणाली. "मीच दिलं."

तिने रुमाल पुन्हा भिजवून कपाळावर ठेवला. या वेळी लेकीने राहू दिला. हे डोकं जिच्याकडून आलं, ती बाई कुठेतरी अशीच अंधारात पडली असेल. तिला रुमाल कोण देत असेल? वाफवालीला रडू आवरेना.

"आई," लेक डोळे मिटूनच म्हणाली, "रुमाल नीट पिळ ना. पाणी गळतंय."

"हो गं. पिळते."