परत आलेली गोधडी

गोधडी परत आली, आणि तीही नीट घडी घालून, वर सुतळी बांधून.

"नको म्हणाले," एवढंच बोलून निवाऱ्याच्या मॅनेजरबाईंनी गठ्ठा टेबलावर ठेवला आणि पुढचं ऐकावं लागू नये म्हणून आल्या पावली निघून गेल्या.

दातांच्या डॉक्टरांची सुई कापडात अर्धी शिरून तिथेच थांबली. धाकट्या जाऊबाईंच्या तोंडाला एरवी कुलूप म्हणून नसे, पण त्यांचीसुद्धा वाचा बसली. सगळे कॅप्टनकडे बघायला लागले.

कॅप्टन हे काही तिचं नाव नव्हे. इस्पितळाच्या धुलाईखान्यावर तिने उभी हयात हुकमत गाजवली होती. चादरीवर डाग राहिला तर मशीनलाही कापरं भरतं, असं तिथली माणसं म्हणायची, आणि ते नाव त्यांनीच ठेवलेलं. निवृत्त होऊन घरी बसली तेव्हा तिने कपाटं इतक्यांदा आवरली, की शेवटी धाकटीने हात जोडले. "ताई, घरात आता आवरायला फक्त मी उरलेय. माझ्यावर दया कर, बाहेर काहीतरी काम शोध."

दोघी जावा एकाच घरात राहायच्या. दोघींचे नवरे जाऊन बरीच वर्षं झालेली. धाकटी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. बोलणं हाच तिचा धंदा होता, आणि धंदा सुटला तरी सवय सुटली नव्हती.

तर कॅप्टनने काम शोधलं. थंडीत रस्त्यावर झोपणाऱ्यांसाठी गावाने एक निवारा उघडला होता. तिथे पलंग होते, पण पांघरुणं मात्र उंदरांनीही नाक मुरडावं अशी. कॅप्टन ती बघून आली आणि घरी येऊन कात्रीच उचलली. जुन्या साड्या, पडदे, चादरी, गिऱ्हाईक न मिळालेले कापडाचे तुकडे, काय मिळेल ते गोळा केलं. दातांच्या डॉक्टरांच्या भावाचं चपलांचं दुकान बंद पडलेलं, त्याची मागची खोली मिळाली. डॉक्टर स्वतःही आले. दवाखाना मुलाकडे सोपवल्यापासून त्यांच्या हातांना चैन नव्हतं. त्यांचे टाके असे बारीक आणि एकसारखे पडायचे, की धाकटी म्हणायची, "डॉक्टर, ही गोधडी आहे, अक्कलदाढ नाही. जरा सैल हाताने घ्या."

आजवर गोधड्या गेल्या त्या गेल्या. मॅनेजरबाई दर वेळी 'फार छान, फार छान' म्हणायच्या. परत आली ती ही पहिलीच.

कॅप्टनने सुतळी सोडली. गोधडी टेबलावर पसरली. चारही काठ चाचपले, अस्तर उलटं करून पाहिलं, धावदोऱ्याच्या रांगांवरून बोट फिरवलं. कुठे सुरकुती नाही, कुठे गाठ वर आलेली नाही. मध्यभागी पिवळ्या बदकांची एक रांग, ती धाकटीची पसंती.

"काय वाईट आहे हिच्यात?" कॅप्टनचा आवाज चढला.

"बदकं असतील," डॉक्टर हळूच म्हणाले.

"बदकांनी कुणाचं काय घोडं मारलंय?" धाकटी उसळली.

पण कॅप्टन तोवर चपला पायात घालत होती. गोधडी काखेत मारून ती तरातरा निघाली.

निवारा म्हणजे एक लांबलचक खोली. दोन्ही भिंतींना पलंग, प्रत्येक पलंगाखाली एक पत्र्याची पेटी आणि मधल्या वाटेत एक म्हातारा हीटर, तापण्यापेक्षा खोकायचाच जास्त. दुपारची वेळ होती. काहीजण कामाला गेलेले, उरलेले पत्ते खेळत होते.

"ही कुणी परत केली?" कॅप्टनने दारातूनच विचारलं.

टोकाच्या पलंगावरून एक माणूस उठला. उठला म्हणजे उठतच राहिला. संपूर्ण उभा राहिला तेव्हा कॅप्टनला मान मागे टाकून बघावं लागलं. साठी उलटलेला, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा, हातापायांच्या नुसत्या काड्या.

"मी," तो म्हणाला. "बसा की, बाई."

सगळे त्याला ड्रायव्हर म्हणत. लांब पल्ल्याचे ट्रक चालवायचा. डोळे अधू झाले, परवाना गेला, आणि गॅरेजच्या वरची मालकाने दिलेली खोलीही त्याबरोबर गेली. हे त्याने कॅप्टनला नंतर सांगितलं. आत्ता ती बसलीसुद्धा नाही.

"गोधडीत खोट काय आहे, तेवढं दाखवा."

"खोट काहीच नाही. काम एक नंबर आहे." त्याने गोधडी घेतली, पलंगावर आडवा झाला आणि अंगावर ओढली. "हे बघा. छाती झाकली की पाय उघडे. पाय झाकले की छाती उघडी. मग रात्रभर माझी आणि तिची रस्सीखेच. आणि बदकं... बाई, मला नातवंडं असती तर त्यांना चालली असती."

पत्ते खेळणारे फिस्सकन हसले. कॅप्टनची कानशिलं तापली.

"अहो, फुकट मिळालेल्या..." तिच्या तोंडून निघून गेलं. वाक्य तिथेच थांबलं, पण जायचं तेवढं पुढे गेलं होतं.

ड्रायव्हर उठून बसला. रागावला मात्र नाही. "फुकट मिळालं म्हणून थंडी कमी वाजत नाही ना, बाई. सगळं आयुष्य ट्रकच्या केबिनमध्ये काढलं. गुडघे पोटाशी घेऊन झोपायचं, दुसरा इलाज नाही. आता कुठे पलंग मिळालाय, तर म्हटलं उरलेली वर्षं सरळ होऊन झोपावं. ठेवून घेतली असती, पण वापरली नसती. मग ज्याला पुरेल त्याला तरी मिळू दे, म्हणून परत पाठवली."

त्याने तोंड उघडलं म्हटल्यावर बाकीच्यांनाही कंठ फुटला. एकाला काठाची झालर नाकात गुदगुल्या करायची. खिडकीजवळच्या आजी म्हणाल्या की गोधडी इतकी जड आहे, की कूस बदलायची तर आधी देवाचं नाव घ्यावं लागतं. दुसऱ्या एका बाईला पांढरं कापड नको होतं, लगेच मळतं. आणि दाराशी बसलेल्या एका बुटक्या बाईने मध्येच हात पुढे केला. "ती बदकांची मला द्या. मला पुरते, आणि मला बदकं आवडतात."

कॅप्टनने गोधडी तिच्या हातात कोंबली आणि ती बाहेर पडली.

घरी आल्यावर मात्र तिने सगळा धूर बाहेर काढला. "जड आहे म्हणे! झालर गुदगुल्या करते म्हणे! बोटांची चाळण करून घ्यायची आपण, आणि यांचे नखरे!"

धाकटी कणीक मळत होती. सुरुवातीला तिने मान डोलावली, मग तिचे खांदे हलायला लागले, आणि 'कूस बदलायला देवाचं नाव' इथे आल्यावर तिला परातीवरच हात टेकावे लागले. हसता हसता डोळ्यांतून पाणी.

"हसतेस काय? इस्पितळात इतकी वर्षं त्याच मापाची ब्लँकेटं होती. कधी कुणी ब्र काढला नाही."

"ताई, इस्पितळात माणूस आधीच अर्धमेला असतो. तो कुठला तक्रार करतो?"

कॅप्टन तिरीमिरीत उठली, पलंगावरची स्वतःची गोधडी ओढली आणि भर दुपारी तिथेच आडवी झाली. पायाच्या अंगठ्यापासून हनुवटीपर्यंत, जिथल्या तिथे.

"बघ! कुठे कमी पडतेय?"

धाकटीने हात पुसले. ती कॅप्टनपेक्षा चांगली वीतभर उंच. आत जाऊन तिने आपली गोधडी आणली. कॅप्टनने शिवलेली ती पहिलीच गोधडी. ती पांघरून धाकटी शेजारी आडवी झाली, तर तिची दोन्ही पावलं गोधडीबाहेर, लोकरी मोज्यांत.

कॅप्टन मोज्यांकडे बघत राहिली. "तू झोपताना मोजे घालतेस ते..."

"मग काय हौस आहे?"

"मला म्हणालीस की पायाला भेगा पडतात म्हणून!"

"तू इतक्या कौतुकाने दिलीस. तुझं तोंड बघून कुणाची छाती होणार सांगायची? डॉक्टरसुद्धा म्हणत होते, माप वाढवायला हवं. पण तुझ्यासमोर त्यांची दातखीळ बसते."

आता मात्र कॅप्टन उठून बसली. एक्स्चेंजमध्ये साऱ्या गावाला उलट उत्तरं देणारी बाई, आणि माझ्या भीतीने रोज रात्री मोजे घालून झोपते! तिला राग यायला हवा होता, पण तिने आपली गोधडी ओढून धाकटीच्या मोज्यांतल्या पावलांवर घातली. एवढ्या गोधड्या गेल्या, एवढे 'फार छान' आले, त्यातले खरे किती, कुणास ठाऊक. खरं बोलला तो एकटा ड्रायव्हर, तेही आधी 'बसा की, बाई' म्हणून.

"उद्या डॉक्टरांना म्हणावं, टेप घेऊन या," ती म्हणाली. "आणि तुझी गोधडी इकडे दे. खाली एक पट्टी जोडते."

"जोडताना बदकांची जोड हं."

"गप बस."

दुसऱ्या दिवशी तिघं निवाऱ्यात गेली. सगळ्यात आधी कॅप्टन ड्रायव्हरच्या पलंगाशी जाऊन उभी राहिली. माफी मागायची तिला सवय नव्हती.

"काल मी वाईट बोलले," ती हीटरकडे बघत म्हणाली. "आता उभे राहा. माप घ्यायचंय."

"उभा राहू? झोपतो ना मी तिच्यात."

"मग झोपा! पण सरळ झोपा."

मग खोलीत जी धमाल उडाली ती विचारू नका. डॉक्टर टेप धरून वाकले की सवयीने "आ करा" म्हणायचे, आणि लोकही खरोखर आ करायचे. एकाने तर तेवढ्यात हलणारी दाढही दाखवून घेतली. धाकटीने कागद-पेन काही घेतलं नाही. साऱ्या गावाचे फोन नंबर जिच्या जिभेवर असायचे, तिला एवढी मापं म्हणजे काहीच नाही. कुणाला हलकी, कुणाला गडद, कुणाला बिनझालरीची, सगळं तिच्या डोक्यात जाऊन बसलं. खिडकीजवळच्या आजींना उशाच्या बाजूला चष्मा ठेवायला खिसा हवा होता. "खिसा? गोधडीला?" कॅप्टनने विचारलं, आणि मग स्वतःच म्हणाली, "का नको?"

ड्रायव्हरच्या गोधडीसाठी टेबल कमी पडलं. जमिनीवर सतरंजी अंथरून ती घातली. डॉक्टर एका टोकाला आणि कॅप्टन दुसऱ्या टोकाला बसली, की धाकटी मधून ओरडायची, "हॅलो, लाइन लागतेय का?" रंग त्याने स्वतः येऊन निवडले होते. गर्द निळा, आणि मधून एक करडी पट्टी. "हमरस्ता वाटतो का बघा," तो म्हणाला होता. त्यानंतर तो रोजच यायला लागला. ताडपत्र्या शिवून त्याचा हात तयार होता, पण टाके पडायचे पोतं शिवल्यासारखे. कॅप्टन ते उसवायची, तो पुन्हा घालायचा, आणि दोघांची जुंपायची.

"तुम्ही ट्रक बांधताय की गोधडी शिवताय?"

"सुटली तर सांगा ना, बाई."

कॅप्टनचा पारा चढायचा, पण तो आला नाही की तीच दोनदा दारापर्यंत जाऊन बघायची. धाकटीच्या ते नजरेतून सुटायचं नाही, पण त्या बाबतीत तिने, कधी नव्हे ते, तोंड बंद ठेवलं.

गोधडी पुरी झाली त्या संध्याकाळी ड्रायव्हरने ती खांद्यावर टाकली, तरी तिचं टोक गुडघ्यांखाली लोंबत होतं. कॅप्टन त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"कशी आहे?"

"ठीक आहे."

"ठीक? नुसती ठीक?"

"झोपून बघितल्याशिवाय कसं सांगू? खोटं बोलू का?"

"नको," कॅप्टन घाईघाईने म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तो खोलीवर आला नाही. चहा होऊन गेला, तरी पत्ता नाही. आखूडच पडली असणार, कॅप्टनच्या मनाने घेतलं. नाहीतर जड झाली असेल. की ती करडी पट्टी टोचते? शेवटी तिने सुई टोचून ठेवली आणि उठली.

निवाऱ्याच्या दारात मॅनेजरबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. "सकाळी हाका मारल्या, उठलेच नाहीत. मी घाबरले आणि नाकाशी हात धरून बघितला. तर घोरायला लागले!"

टोकाच्या पलंगावर ड्रायव्हर पाठीवर सरळ झोपला होता. हात दोन्ही बाजूंना सैल सोडलेले, गोधडी हनुवटीखाली ओढलेली, आणि पायाशी दुमडून उरलेली. हीटर खोकला तरी त्याची पापणी हलली नाही.

कॅप्टन पाऊल न वाजवता परत फिरली.

"काय म्हणाला?" खोलीत शिरताच धाकटीने विचारलं. डॉक्टरांनीही सुई थांबवली.

"काही नाही म्हणाला."

"म्हणजे? आवडली की नाही?"

"घोरतोय." कॅप्टनने खाली बसून सुई हातात घेतली, आणि दोरा ओवताना तिला इतकं हसू यायला लागलं, की दोरा काही केल्या सुईच्या नेढ्यात जाईना. "डॉक्टर, जरा ओवून देता का? आणि आजींच्या गोधडीत कापूस थोडा कमीच घाला. जड झाली तर त्या मला सोडायच्या नाहीत."