पाचू उकळायचा नसतो

माणिक उकळलेलं चालतं, हिराही चालतो. पाचू कधीच नाही. पाचूच्या पोटात जन्मतःच भेगा असतात आणि त्या तेल मुरवून झाकलेल्या असतात. उकळत्या पाण्यात तेल निघून जातं आणि खडा उघडा पडतो. हे मला बाबांनी शिकवलं, तेही डोक्यात टपल्या मारून.

आज दुकानात मी गिऱ्हाईक बाईंशी बोलत होते, तेवढ्यात बाबांनी बाईंची पाचूची अंगठी माणकांच्या अंगठ्यांबरोबर सफाईसाठी सोड्याच्या पाण्यात उकळायला टाकली. दोन वर्षं झाली, बाबांना मघाचं आत्ता आठवत नाही, पण हात काही स्वस्थ बसत नाहीत.

मी अंगठी बाहेर काढली. खडाभर कोळ्याचं जाळं दिसत होतं. माझं डोकं सणकलं. मी तोंड उघडणार, तोच बाबांनी अंगठी माझ्या हातातून घेतली आणि भिंग डोळ्याला लावलं.

"कुणी केलं हे?" ते म्हणाले. "पाचू कुणी उकळतं का?"

बाई माझ्याकडे बघत होत्या.

"माझ्या हातून झालं, बाबा."

"गाढव आहेस," म्हणत त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. "बस इथे. पहिल्यापासून शिकवतो."

मी बसले.