पालथा दगड

बसम्मानं भिजवलेली गोधडी दगडावर पसरली, पदर कमरेला खोचला आणि धोपटणं डोक्याच्या वर नेलं. तेवढ्यात फाटकातून हाक आली.

"अक्का, थांबा. मारू नका."

फाटकात इंजिनिअरबाई उभ्या होत्या. उज्वला त्यांचं नाव. गावच्या जुन्या चावडीचं काम सुरू झाल्यापासून आठवड्यातून दोनदा लातूरहून यायच्या. त्यांच्यामागं किराणा दुकानवाले सिद्रामप्पा, त्यांना टेकूनच उभे असावेत असे मौलासाब, आणि सगळ्यात मागं सिद्रामप्पांचा पुतण्या रविकिरण, हातात मोबाइल उघडा धरून.

"गोधडी माझी हाय," बसम्मा म्हणाली. "आता धुणं बी गावाला इचारून धुवायचं का?"

"गोधडीचं नाही अक्का. दगडाचं बोलायचंय."

बसम्मानं धोपटणं खाली घेतलं आणि बाजेवर बसलेल्या नवऱ्याकडं पाहिलं. वैजनाथप्पा फार काळजीपूर्वक आभाळाकडं बघत होते. काल हॉटेलात चहाच्या नादात तेच बोलून गेले होते, हे तिला तेव्हाच कळलं.

सांगवाडीची चावडी निजामाच्या काळातली. त्र्याण्णवच्या भूकंपात जुनं गाव बसलं, तशी तीही बसली. गाव दोन किलोमीटर सरकलं, रांगेत घरं आली, पण चावडीचे दगड मागंच बाभळीत पडून राहिले. तीस वर्षांनी सरकारी निधी आला आणि ती दगडांनिशी नव्या गावात उभी करायचं ठरलं. खाली वाचनालय, पुढं ग्रामसभेचा ओटा. उज्वलानं एकेका दगडावर खडूनं नंबर टाकले, ट्रॅक्टरनं ते आणले. भिंती उभ्या राहिल्या, कमानी बसल्या. सापडला नाही तो एकच दगड, दाराच्या वरचा. त्यावर अक्षरं कोरलेली होती आणि पुढं कितीतरी वर्षं ती चुन्याच्या थरांखाली बुजलेली होती, याबद्दल गावात दुमत नव्हतं. काय कोरलेलं होतं, यावरून मात्र तीन ग्रामसभा झाल्या होत्या.

सिद्रामप्पा म्हणत, त्यावर 'ॐ नमः शिवाय' होतं. लहानपणी त्या दाराखाली ते गोट्या खेळले होते. मौलासाबांचे आजोबा चावडीचे शिपाई. ते म्हणत, बिस्मिल्ला होतं, आजोबा रोज सकाळी त्याला हात लावून कुलूप काढायचे. दोघं सत्तरीच्या पुढचे. बसस्टॉपजवळच्या हॉटेलात एकाच बाकावर बसून एका बशीत अर्धा-अर्धा चहा पीत हे भांडण करायचे. तिथंवर ठीक होतं. पण मग पोरांनी ते उचललं. एका फोनवरून दुसऱ्या फोनला उत्तरं जाऊ लागली. उज्वलाचं म्हणणं सगळ्यात वेगळं होतं. ती म्हणायची, सरकारी इमारत आहे, सगळ्या गावाची. वर फक्त 'चावडी' आणि साल लिहू. पण निधीच्या कागदावर स्पष्ट होतं, 'पूर्वी होते तसेच'. त्यातून तिच्याच अंदाजपत्रकात त्या दगडाला गवंडीकामाच्या शब्दात 'गणेशपट्टी' असं छापून आलेलं. रविकिरणनं ग्रामसभेत तो कागद हलवून दाखवला, "बघा, बाईंनीच गणपती लिहिलाय." दुसऱ्या दिवशी तिनं तिथं 'दारावरचा दगड' असं करून आणलं.

आणि आता तो दगड बसम्माच्या मोरीपाशी होता. पाच फूट लांब, दीड फूट रुंद, वरून तीस वर्षांच्या धुण्यानं काचेसारखा झालेला.

"सगळ्यांनी जुन्या गावातून भांडी आणली, दागिने आणले," बसम्मा म्हणाली. "मी यांना म्हणलं, नव्या घराला धुण्याचा दगड न्हाई, तो बघा. यांनी बैलगाडीत हा आणला."

"पडताना चुना निघून अक्षरं उघडी झालती, ती खाली घातली मी," वैजनाथप्पा पहिल्यांदा बोलले. "अक्षराला पाय लागू नये म्हणून."

"काय होतं काका?" रविकिरण पुढं झाला. "वाचलं असंल की तुम्ही."

"तवा वाचायच्या मनःस्थितीत कोण होतं बाबा," वैजनाथप्पा म्हणाले आणि पुन्हा आभाळाकडं बघू लागले.

उज्वलाला आनंद लपवता येईना. शुक्रवारी चंद्रप्पा गवंडी माणसं घेऊन येतील, दगड उलटवू, जे असेल ते वाचू, वाद कायमचा मिटेल, असं ती म्हणाली. बदल्यात नवा दगड देण्याचं तिनं कबूल केलं. मंडळी गेली. जाताना सिद्रामप्पांनी मौलासाबांना "आता बघू कोण खरा," असं म्हटलं आणि मौलासाब "बघू की," म्हणाले. नेहमीसारखंच. पण त्या दिवशी दोघं बाकावर बसले नाहीत. एक दुकानाकडं वळला, एक घराकडं. ते बसम्मानं फाटकातून पाहिलं.

गोधडी तिनं तशीच हळू हातानं धुतली. धोपटणं वापरलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मौलासाब आले. हातात शेवग्याच्या शेंगांची जुडी.

"झाडाला लई लागल्यात," ते म्हणाले.

शेंगा घेऊन बसम्मानं पाणी दिलं. मौलासाब पाणी प्याले, तांब्या खाली ठेवला, पुन्हा उचलला.

"अक्का, एक मागणं हाय. तो दगड खामखा उलटू देऊ नका."

"का? तुमचंच खरं निघालं तर?"

"तेच तर." ते तांब्यात बघत राहिले. "माझं निघालं तर अप्पा तोंडघशी पडतील. सगळ्या गावात त्यांनी छातीठोक सांगितलंय. या वयात तो माणूस मग हॉटेलात येणार न्हाई. मी ओळखतो त्याला. पोरगा होता तेव्हा गोट्या हरला की आठ-आठ दिवस घराबाहेर निघत नव्हता."

"मग तुम्हीच सांगा ना सगळ्यांना, नको म्हणून."

"मी सांगितलं तर लोक म्हणतील, म्हातारा घाबरला. आणि आमची पोरं मला खातील." ते उठले. "मी आलो होतो हे कुणाला बोलू नका."

गुरुवारी सकाळी, दुकान उघडायच्या आधी, सिद्रामप्पा आले. कपाळावर भस्म ताजं होतं. हातात अर्धा किलो गुळाची ढेप, कागदात बांधलेली.

"नवा गूळ आलाय. चव बघा म्हणलं."

बसम्मानं गूळ घेतला आणि त्यांना बाजेवर बसवलं. अप्पांनी गळ्यातली लिंगाची चांदीची डबी शर्टाच्या आत सारखी केली. मग कोंबड्यांकडं बघत त्यांनी विचारलं,

"उद्याचं काय करायचं, अक्का?"

"काय करायचं म्हणजे? माणसं येणार, उलटवणार."

"माझं खरं निघालं तर आमची पोरं गप बसणार न्हाईत. हा रविकिरण आत्तापासून काय काय लिहून ठिवायलाय. मौलासाबच्या दारापुढनं मिरवणूक काढायची म्हणतोय." अप्पांचा आवाज खाली आला. "भूकंपाच्या दिवशी माझ्या आईला त्यानं मातीतनं काढलं. हातानं. नखं गेली होती त्याची. त्याच्या दारापुढं हलगी वाजवायची माझ्या घरच्या पोरानं?"

"आणि त्यांचं खरं निघालं तर?"

"तर..." सिद्रामप्पा जरा हसले. "तर मला बी थोडं वाईट वाटंल. खोटं का बोलू. पण तसं बघितलं तर आपला देव आपण गळ्यात घेऊन हिंडतो. दारावर नसला म्हणून काय बिघडलं?"

"मग हे ग्रामसभेत बोलायचं होतं."

"तीन सभांत उलटं बोलून बसलोय ना," अप्पा म्हणाले. "मी आलतो हे बोलू नका."

ते गेल्यावर बसम्मा आत आली आणि वैजनाथप्पांच्या समोर गूळ आणि शेंगा शेजारी शेजारी ठेवल्या.

"आज शेंगांच्या आमटीत गूळ घालते," ती म्हणाली आणि एकटीच बराच वेळ हसली. वैजनाथप्पांना काही कळलं नाही.

शुक्रवारी अंगण भरलं. चंद्रप्पा चार माणसं आणि दोन पहारी घेऊन आला. उदगीरच्या पलीकडचा हा गवंडी. त्याच्या मराठीत निम्मं कन्नड असायचं. भिंतीवर पोरं चढली होती. रविकिरणनं मोबाइल काठीला बांधला होता. मशिदीकडची तीन-चार पोरंही आपापले मोबाइल घेऊन दुसऱ्या बाजूला उभी होती. सिद्रामप्पा आणि मौलासाब अंगणाच्या दोन टोकांना होते.

बसम्मा दगडावर बसली होती.

"उठा अक्का," उज्वला म्हणाली.

"उठते. पण माझी एक अट हाय. दगड देते, फुकट देते. पण उलटायचा न्हाई. आत्ता वर हाय तीच बाजू दारावर बाहेरून दिसली पाहिजे. अक्षराची बाजू भिंतीत."

अंगणात गलका झाला. रविकिरण पुढं आला.

"असं कसं काकू? खरं काय ते कळायला पाहिजे लोकाला."

"कशाला पाहिजे?"

"इतिहास हाय तो."

"तीस वर्सं मी त्या इतिहासावर चड्ड्या धुतल्या, तवा कुणी इचाराय आला न्हाई," बसम्मा म्हणाली. भिंतीवरची पोरं हसली. मशिदीकडची पोरंही हसली. रविकिरणच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

उज्वला गुडघ्यावर बसून तिच्या जवळ आली. "अक्का, मला नोंद करावी लागते. दगडावर काय आहे ते न बघता मी तो बसवू कसा?"

बसम्मानं आवाज खाली घेतला नाही. सगळ्यांना ऐकू जावं असंच ती बोलली.

"बाई, हा पालथा हाय तवर ते दोघं म्हातारे खरे हाईत. उलटला की एक जण खोटा पडतो. पडायचाच तर तुमच्या कागदावर पडू द्या, माझ्या अंगणात नको. न्हाई जमत तर सांगा, मला धुणं पडलंय."

उज्वलानं सिद्रामप्पांकडं पाहिलं, मग मौलासाबांकडं. दोघांनी एकदमच श्वास सोडला होता, आणि एकदमच एकमेकांकडं बघितलं होतं. बघून दोघांनीही मान वळवली.

"अप्पा, तुमचं काय म्हणणं?" तिनं विचारलं.

"दगड अक्काचा," सिद्रामप्पा म्हणाले. "मरजी अक्काची."

"मौलासाब?"

"आता बाईमाणसाशी कोण भांडणार," मौलासाब म्हणाले.

उज्वलानं वहीत बघितलं. पेन्सिलीचं टोक ओठाला लावलं. मग तिनं लिहिलं, आणि लिहिता लिहिता तिला हसू आलं. वही तिनं बसम्मापुढं धरली. बसम्मा एकेक अक्षर जोडून वाचू लागली: दगड क्रमांक दोनशे बारा. दर्शनी बाजू गुळगुळीत. मजकूर नाही.

"खरं हाय ना?" उज्वलानं विचारलं.

"अगदी इमानानं लिव्हलंय," बसम्मा म्हणाली आणि उठली.

दगड हलवायच्या आधी तिनं घरातून सतरंजी आणली. चंद्रप्पाच्या माणसांनी पहारी घातल्या, दगड बोटभर उचलला, तशी सतरंजी खालून सारली आणि दोरीनं बांधली. रविकिरणचा मोबाइल काठीवर उंच होता, पण त्यात सतरंजीच आली.

दिवाळीच्या आधी चावडी उघडली. तहसीलदार आले, नारळ फुटला, वाचनालयात अंगणवाडीची पोरं पुस्तकं उलटी धरून बसली. दारावरचा दगड उन्हात असा चमकत होता की लोक त्याखालून जाताना वर बघायचे. शेजारच्या भिंतीत उज्वलानं लहानशी पाटी बसवली होती: चावडी, सांगवाडी, आणि दोन सालं, बांधल्याचं आणि पुन्हा बांधल्याचं.

बसम्मा ओट्याच्या कडेला चहाची किटली घेऊन बसली होती. चंद्रप्पा कप घ्यायला आला तेव्हा तिनं आजूबाजूला बघून हळूच विचारलं,

"चुना लावताना तू तर बघितलं असशील. काय होतं रे?"

चंद्रप्पानं चहाचा घोट घेतला.

"मला कन्नडच वाचाय येतं, अव्वा. कन्नड नव्हतं, एवढं सांगतो."

बसम्मानं त्याला कप भरून अजून चहा दिला.

ओट्यावर सिद्रामप्पा आणि मौलासाब एकाच सतरंजीवर बसले होते. तहसीलदार जाता जाता त्यांच्यापाशी थांबले. नव्यानंच बदलून आलेले, उत्सुक गृहस्थ होते.

"आजोबा, या दगडावर पूर्वी काही लिहिलेलं होतं म्हणतात. काय होतं?"

मौलासाबांनी घसा साफ केला. "हे अप्पा सांगतात, ॐ नमः शिवाय होतं. त्यांची आठवण पक्की हाय साहेब. तेच असणार."

"कुठलं हो," सिद्रामप्पा म्हणाले. "मी तवा एवढासा होतो, गोट्या खेळत होतो, मला काय कळतंय? यांचे आजोबा शिपाई होते चावडीचे. बिस्मिल्लाच होतं."

"अहो तुम्ही दाराखाली खेळलाव रोज."

"खाली बघून खेळतात गोट्या, मौलासाब. वर बघून न्हाई."

"आणि माझे आजोबा? त्यांना वाचायला कुठं येत होतं?"

"न्हाई कसं? सरकारी शिपाई माणूस."

तहसीलदारांनी एकदा याच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघितलं आणि घड्याळ बघत गाडीकडं निघाले. ते गेल्याचं दोघांच्याही ध्यानात आलं नाही. आवाज चढत चालले होते. बसम्मानं किटली हलवून पाहिली. तळाशी एकाच कपापुरता चहा उरला होता. तिनं तो कपात ओतला, कप बशीत ठेवला आणि दोघांच्या मधोमध सरकवून दिला.