लवादाचा डबा

गिरजाबाईंना मी पहिल्या परीक्षेत दहापैकी चार गुण दिले होते. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझी फजिती वाचताना तुम्हाला माझी उगाच कीव येणार नाही.

मी चंद्रपूरचा वकील. पंचवीस वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या आणि आता लवाद तयार करतो. लवाद म्हणजे भांडणाऱ्या दोघांनी मिळून निवडलेला माणूस. तो दोघांचं ऐकतो, निवाडा देतो आणि दोघांनी तो पाळायचा असतो. गावातली भांडणं कोर्टात जाऊन म्हातारी होऊ नयेत म्हणून एका संस्थेने नागभीडला पाच दिवसांचं प्रशिक्षण ठेवलं होतं, आणि शिकवायला मी. निःपक्षपातीपणा या एका शब्दावर मी दीड तास बोलतो, आणि चांगला बोलतो असं लोक म्हणतात. लोक म्हणजे मुख्यतः मीच.

गिरजाबाई शेवटच्या बाकावर बसायच्या. चाळिशीच्या, कुरखेड्याकडच्या, तलावात मासे धरणाऱ्या घरातल्या. पाच दिवसांत त्यांनी एक प्रश्न विचारला नाही. शेवटच्या दिवशी आम्ही लुटुपुटीचं भांडण उभं केलं आणि एकेकाला लवादाच्या खुर्चीत बसवलं. देवराव नावाचा एक शेतकरी त्यात पक्षकार झाला होता. त्याने मोठ्या अगत्याने गिरजाबाईंपुढे चहा ठेवला, तर यांनी कप बाजूला सारला. दुपारी सगळे पंगतीला बसले आणि या व्हरांड्यात एकट्याच, घरून आणलेला डबा उघडून. मी शेरा मारला : माणसांत मिसळत नाहीत, वागण्यात मोकळेपणा नाही. दहापैकी चार.

ज्याचे गुण कमी, त्याला प्रमाणपत्र लगेच मिळत नाही. त्याने एक खरं भांडण सोडवायचं, प्रशिक्षकाने शेजारी बसून बघायचं आणि शेवटचा शेरा लिहायचा, असा आमचा नियम आहे. शेरा वाईट पडला तर पाच दिवस पाण्यात.

ऑक्टोबरात असं भांडण आलं, तेही देवरावच्याच गावातून. गावाचं नाव सांगत नाही, त्यांना पुन्हा भांडायला निमित्त नको. गावाला एक जुना तलाव आहे. शेतकऱ्यांचा धान पोटरीवर आलेला, म्हणजे लोंबी अजून पानाच्या पोटात, दाणा भरायला एक शेवटचं पाणी हवं, आणि ते आठ दिवसांत मिळालं नाही तर सगळा धान पोचट. त्याच तलावात मासे धरणाऱ्या घरांनी श्रावणात बोटुकली सोडलेली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं. तलाव फार उतरला तर ती उन्हाळा बघणार नाहीत. दोन्ही बाजूंनी गेटला आपापलं कुलूप ठोकलं होतं. आदल्या आठवड्यात तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, काठ्या चालल्या आणि एकाच्या डोक्याला चार टाके पडले. लवाद कोण, यावर मात्र दोन्हीकडून एकच नाव आलं : गिरजाबाई. मला तेव्हाच नवल वाटलं होतं.

मी सकाळी नऊलाच पोचलो. सुनावणी दहाला, शाळेच्या व्हरांड्यात. मासे धरणाऱ्यांचा पुढारी खुशाल रस्त्यातच भेटला.

"सर, उपाशी कसे जाता? इथीच तं घर आहे."

आता सांगा, समोर गरम भात आणि झिंग्यांचा रस्सा असताना कोणाला निःपक्षपातीपणा आठवतो? शिवाय मी लवाद नव्हतो, नुसता बघ्या. दोनदा भात मागून घेतला, बोटं चाटली आणि वर त्याच्या बायकोच्या हाताचं कौतुक करून आलो.

गिरजाबाई गाडीतून उतरल्या, तर एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्यात तोच डबा. बाकावर माझ्या शेजारी बसल्या आणि पहिलंच वाक्य बोलल्या, "माझं माहेर अन् सासर, दोनी मासोळी धरनारं. शेतकऱ्यायले खटकत असन तं आत्ताच सांगा. मी पुढच्या गाडीनं वापस जातो."

"मालूम आहे जी," देवराव म्हणाला. "वर्गात तुमी माझा चहा नाई घेतला, तवाच म्या मनात पक्कं केलं. बसा."

ज्या चहासाठी मी त्यांचे गुण कापले, त्याच चहासाठी या माणसाने त्यांना आपल्या वर्षभराच्या पिकाचा निवाडा सोपवला होता. मी पुस्तिका उघडून उगाच पानं चाळली. तेवढ्यात त्या माझ्याकडे वळल्या.

"सर, तुमचं काई सांगाचं आहे का?"

"माझं काय असणार?" मी हसलो.

मग त्यांनी कोणाचंही भाषण ऐकलं नाही. बांबूच्या दोन काठ्या मागवल्या. "देवरावभाऊ, तुमी तलावात उतरा. मासोळी जगाले पानी कुठवर रायलं पायजे, ते तुमी पाहा अन् तिथं काठी ठोका. खुशालभाऊ, तुमी बांधीत जा. पोटरी सोलून पाहा. यायचा धान भराचा तं तलाव कितीक उतरन, तिथं तुमची काठी."

दुसऱ्याची बाजू आपल्या तोंडाने मांडायला लावावी, हे मी वर्गात चित्रं दाखवून शिकवतो. या बाईने ते कंबरभर पाण्यात आणि घोटाभर चिखलात उतरवलं. देवराव पाण्यात उभा राहून पायाखालचा गाळ चाचपत होता, मासे कुठे बसत असतील ते खुशालच्याच बायकोला विचारत होता. खुशाल बांधीतून, म्हणजे धानाच्या वाफ्यातून, परत आला तो सोललेली पोटरी मुठीत धरून. तिच्यातली कोवळी, अजून न भरलेली लोंबी बोटाने दाबून तो स्वतःशीच म्हणाला, "लय तहानला आहे बे हा." सकाळी दोघांच्या मागण्यांत पुरुषभर पाण्याचं अंतर होतं. दोन काठ्या ठोकल्या तेव्हा ते हातभर उरलं. मी इतक्या सुनावण्या पाहिल्या, पण असं काम पाहिलं नव्हतं. मला उठून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

त्याऐवजी मी घोळ घातला. हजेरीचा कागद सहीसाठी देवरावपुढे धरला. त्याने नाक वर केलं.

"सर, हाताले झिंग्याचा वास येऊन राह्यला. कोनाच्या घरी जेवले?"

खोटं बोलायची सोयच नव्हती. "खुशालच्या," मी म्हणालो.

"झालं मंग!" मागून कोणीतरी ओरडलं आणि शेतकऱ्यांकडचे दहा-बारा जण उभे राहिले. एकाने काठी उचलली. हातभर उरलेलं अंतर पुन्हा पुरुषभर व्हायला लागलं.

गिरजाबाई मात्र बसूनच होत्या. "सर, म्या सकाळी विचारलं होतं."

"अहो, मी लवाद थोडाच आहे? मी फक्त—"

"तुमी माझ्या बाजूले बसून राह्यले. यायले तं एकच बाक दिसते न." आवाज चढला नाही की कापला नाही. "उठा जी. पाळीवर जाऊन बसा. निवाडा होतवर इकडं येऊ नका."

उठलो. काय करणार? सगळ्या गावासमोर तलावाच्या पाळीवर जाऊन बसलो, मास्तरांनी वर्गाबाहेर काढल्यासारखा. खिशात त्यांच्या शेऱ्याचा कागद होता. खरं सांगतो, पहिली दहा मिनिटं मी चारचे दोन कसे करायचे याचाच विचार केला. मला, ज्याने यांना शिकवलं त्याला!

लांबून ऐकू काही येत नव्हतं, पण दिसत होतं. उभे राहिलेले एकेक करून खाली बसले. ज्याने काठी उचलली होती त्याने ती भिंतीला टेकवली. बऱ्याच वेळाने गिरजाबाई उठल्या, दोघांपासून लांब, आंब्याखाली गेल्या आणि डबा उघडला. थोडं खाल्लं, बाटलीतलं पाणी प्याल्या, परत येऊन बसल्या. माझा राग कुठे गेला मला कळलं नाही, पण तो गेला आणि त्या जागी लाज आली.

उन्हं कलली तेव्हा देवराव आणि खुशाल आपापली किल्ली घेऊन गेटवर आले. आधी एक कुलूप निघालं, मग दुसरं. पाटात पाणी धावलं.

गिरजाबाई पाळीवर आल्या. मी निवाडा विचारला. पाणी देवरावने ठोकलेल्या काठीपर्यंतच उतरवायचं, त्याखाली बोटभर नाही. कमी पडणारं हातभर पाणी पाटाच्या भोकांतून वाया जातं, ती भोकं मासे धरणाऱ्या घरांनी उद्या बुजवायची. आणि पहिलं पाणी टोकाच्या बांध्यांना. दोन्हीकडच्यांनी सह्या केल्या होत्या.

"गिरजाबाई," मी विचारलं, "तुमचं प्रमाणपत्र माझ्या खिशात आहे हे माहीत होतं ना? मी रागाने नापास केलं असतं तर?"

"तं केलं असतं जी," त्या म्हणाल्या. "धानाले तं पानी भेटलं असतं न."

त्या शेजारी टेकल्या आणि मांडीवरचा डबा उघडला. "आमचे मामंजी पंचात बसत. निवाड्याच्या दिवशी घरचाच भात, घरचंच पानी. आता निवाडा झाला. तुमी बी सकाळच्या झिंग्यावरच असान न? घ्या."

झिंगे कधीच जिरले होते. डब्यात भात होता, वर लाखोळीच्या डाळीची भाजी, आणि मला कडकडून भूक लागली होती. मी हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला.

"नको," मी म्हणालो. "शेरा लिहायचा बाकी आहे."

सहा दिवसांच्या ओळखीत गिरजाबाई पहिल्यांदा हसल्या, तोंडाला पदर लावून. मी कागद गुडघ्यावर ठेवला, जुने चार खोडले, दहापैकी दहा लिहिले आणि शेऱ्याच्या जागी लिहिलं : यांनी मला बाहेर काढलं, बरोबर केलं. पुढच्या वर्गाला शिकवायला यांना बोलवावं, मी शेवटच्या बाकावर बसेन. खाली सही केली, तारीख घातली.

मग डबा मागून घेतला.