पूजेची फुलं आणि हिरवी नऊवारी

रवीनं कचऱ्याचा डबा रस्त्याच्या कडेला लावला, हात पँटला पुसला आणि शेजारच्या चारुदत्तकाकांच्या दारात जाऊन पुढे केला.

"लावा पैज. डीए, म्हणजे इथला सरकारी वकील, तुमच्यावरची केस मागे घेणार. वर त्या पोलिसावर लावणार."

"पोलिसावर कोण केस लावतंय?" काका आतूनच म्हणाले. उजवा हात प्लास्टरमध्ये. पोलिसानं पाडलं त्या सकाळपासून ते उंबऱ्याबाहेर पडले नव्हते, वकिलाशीही फोनवरच बोलायचे.

"हरलात तर काकूंची नऊवारी नेसायची आणि मिसेस कार्टरच्या कुंपणाची फुलं तोडायची. सगळ्यांसमोर."

"आणि तू हरलास तर?"

"मिशी काढतो."

काकांनी मिशीकडे नीट पाहिलं आणि डावा हात दिला. आतून उत्तराकाकूंचा आवाज आला, "हिरवी देईन. जरीची मागू नका."

कुंपण जास्वंदीचं. हवी तेवढी फुलं न्या, असं शेजारच्या मिसेस कार्टरनीच सांगितलेलं. पण त्या सकाळी काका पूजेची फुलं तोडत असताना कोणीतरी पोलिसांना फोन केला, अनोळखी माणूस झाडीत शिरतोय म्हणून. पोलीस आला, ओरडला, पिशवी खाली टाक. काका म्हणाले, "वन मिनिट, सर," आणि पिशवी ठेवायला मेलबॉक्सकडे वळले. पुढच्या क्षणी ते डांबरावर पालथे होते, मनगट मोडलेलं. पोलिसानं लिहिलं, म्हाताऱ्यानं धक्का मारला, अटकेला विरोध केला.

काकांचा वकील म्हणाला, गुन्हा कबूल करा, शिक्षा म्हणून थोडी समाजसेवा, विषय संपला.

"जे केलंच नाही ते कबूल कसं करू?" काका म्हणाले. बाकी सगळं त्या डीएच्या मर्जीवर.

डीएनं बोलावलं तेव्हा रवीनं काकांना जवळजवळ उचलूनच गाडीत घातलं. डीए तिशीतली बाई होती. तिनं मिसेस कार्टरच्या डोअरबेलमधल्या कॅमेऱ्याचा व्हिडिओ दोनदा लावला. त्यात धक्का कुठेच नव्हता.

"पिशवी सरळ खाली का नाही ठेवलीत?"

"देवाची फुलं. जमिनीवर कशी ठेवणार?"

तिनं व्हिडिओ बंद केला. "माझी आजी बायबल जमिनीवर ठेवू देत नाही," एवढंच म्हणाली.

पुढच्याच आठवड्यात काकांवरची केस गेली, आणि त्या पोलिसावर मारहाणीची आणि खोटा रिपोर्ट लिहिल्याची लागली. रवी बातमी घेऊन धावत आला, तर काकू हॉलमध्ये उभ्या. हातात हिरवी नऊवारी, कडक इस्त्रीची.

"इतक्यात इस्त्री पण केलीत?"

"पैज लागली त्याच दिवशी केली," काकू म्हणाल्या.

शनिवारी सकाळी अख्खी गल्ली कॉफीचे मग घेऊन बाहेर. ट्रॅकपँटवर नऊवारी, पायात स्नीकर्स, आणि काका उंबरा ओलांडून रस्त्यावर.

"काका, पदर," रवी फोन रोखून म्हणाला.

"तू मिशी सांभाळ."

प्लास्टर निघालं होतं, पण मनगटात जोर नव्हता. फांदी ओढावी तर पिशवी सुटायची. तेवढ्यात पोलिसांची गाडी वळणावर आली आणि हळू झाली. मगातली कॉफी मगातच राहिली. काच खाली गेली. वेगळाच पोरगेला पोलीस होता.

"सर, सगळं ठीक आहे ना?"

काकांनी त्याच्याकडे पाहिलं. मग पदर खोचला, गाडीपाशी गेले आणि पिशवी पुढे केली.

"जरा धर. खाली ठेवू नकोस."

तो गाडीतून उतरला. काका वरची फांदी वाकवून सावकाश फुलं तोडत राहिले, आणि पोलीस पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरून उभा राहिला.